मीठ-साखर-पाणी इतकं सोपं होतं, तर ते कळायला १९६८ साल का उजाडलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मीठ, साखर आणि पाणी यांवर पटकीचा (म्हणजे कॉलऱ्याचा) रोगी जगतो, तर गावंच्या गावं ओस पडेपर्यंत हे कुणाला सुचलं कसं नाही? जुने वैद्य-डॉक्टर अडाणी होते का? आणि आजही जुलाब लागलेल्या पोराचं पाणी तोडायला सांगणारी मोठी माणसं घरोघरी का भेटतात?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींचा गुंता तिथूनच सुटतो. 'पाणी पाजलं की जुलाब वाढतात' असं जे म्हणतात, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. पटकीच्या रोग्याला नुसतं पाणी पाजलं तर त्यातलं बरंचसं वांतीतून आणि जुलाबातून निघून जातं. पुडीतलं ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं तयार मिश्रण पाण्यात कालवून, पाजलं तरी जुलाब काही लगेच कमी होत नाहीत. निरीक्षण बरोबर, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. जगातले हुशार डॉक्टर जवळजवळ दीडशे वर्षं याच जागी अडून बसले होते. भांड्यात काय पडतंय ते सगळ्यांना दिसत होतं. अंगात काय उरलंय ते दिसत नव्हतं, आणि ते मोजायचं असतं हेच फार उशिरा लक्षात आलं.

एखादा रोग 'कळला' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. तो कुठून येतो, तो माणसाला मारतो कसा, आणि मारायच्या आत त्याला आडवं कसं जायचं. पटकीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गावी, बऱ्याचदा एकमेकींचा पत्ता नसताना कळल्या. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मधल्या गोष्टीत आहे.

आपल्या भागातलंच एक जुनं वर्णन घ्या. अशा वांती-जुलाबाच्या रोगासाठी जुन्या माणसांच्या तोंडी 'मोडशी' हा शब्द असतो. तोच पोर्तुगीजांनी उचलला, आणि पुढे फ्रेंचांनी त्याचं 'मॉर द शिएँ', म्हणजे 'कुत्र्याचं मरण', असं करून टाकलं. गास्पार कोरैया या पोर्तुगीज बखरकारानं १५४३ सालच्या गोव्यातल्या मोडशीच्या साथीबद्दल लिहून ठेवलंय. वांत्या, न भागणारी तहान, पोटऱ्यांना आणि तळपायांना येणारे गोळे, खोल गेलेले डोळे, काळी पडलेली नखं, आणि एका दिवसात, फार तर एका दिवस-रात्रीत मृत्यू. शंभरात दहासुद्धा वाचत नव्हते, आणि जे वाचले ते इथल्या लोकांच्या साध्यासुध्या औषधांनी, असंही तो लिहितो. लोक घाबरू नयेत म्हणून गव्हर्नरनं चर्चच्या घंटा वाजवायला मनाई केली होती.

पुढचा तपशील वैद्यकाच्या दृष्टीनं मोलाचा आहे. गव्हर्नरनं जाणत्या मंडळींना बोलावून अशा एका मृताचं पोट उघडून पाहायला लावलं. जठर कोंबडीच्या पोटासारखं आक्रसलेलं आणि करपलेल्या कातड्यासारखं सुरकुतलेलं सापडलं. बाकी काहीच नाही. त्या लोकांनी हयगय केली नव्हती. गोळे, तहान, डोळे, सुरकुत्या ही सगळी पाणी आणि क्षार गेल्याची लक्षणं त्यांनी अचूक टिपली. पण शरीरातलं पाणी 'संपू' शकतं आणि माणूस त्यानंच मरतो, ही कल्पनाच हाताशी नव्हती. पुढे तीनशे वर्षं ती नव्हती.

हाताशी जी कल्पना होती ती उलट दिशेची होती. अंगात विष शिरलंय आणि शरीर ते वांती-जुलाबानं बाहेर टाकतंय, असं मानलं तर वैद्यानं काय करावं? बाहेर टाकायला मदत करावी. १८१७ साली बंगालमधल्या जेसोरच्या भागातून पसरलेली साथ पुढे जगभर गेली तेव्हा युरोपीय डॉक्टरांचे नेहमीचे उपाय म्हणजे शीर कापून रक्त काढणं, पाऱ्याचं कॅलोमेल देऊन आणखी रेच करवणं आणि अफू. पाणी बहुतेक ठिकाणी तोडलेलं. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या सिद्धांताच्या चौकटीत हे सुसंगत होतं. गावाकडे मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत. तिथेही भावना तीच होती की जे आत शिरलंय ते बाहेर घालवायचं.

मारतो कसा, याचं उत्तर पहिल्यांदा १८३१च्या डिसेंबरात सापडलं, आणि ते इतकं नेमकं होतं की आजही त्यात फारसं बदलावं लागत नाही. विल्यम ओशॉनेसी हा एडिंबरात शिकलेला बावीस वर्षांचा डॉक्टर इंग्लंडमधल्या संडरलंडला गेला, पटकीच्या रोग्यांचं रक्त घेतलं आणि त्याचं रासायनिक पृथक्करण केलं. रक्तातलं पाणी बरंच घटलेलं, क्षार घटलेले, आणि हेच सगळं जुलाबात सापडत होतं. शीर कापली तरी रक्त डांबरासारखं घट्ट, धारच धरत नाही, याचा उलगडा त्यातून झाला. (हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानातली पहिली तार त्यानं टाकली.)

पुढच्याच वर्षी, मे १८३२ मध्ये, स्कॉटलंडमधल्या लीथच्या टॉमस लाट्टा यांनी यावर कृती केली. सोडा घातलेलं मिठाचं पाणी थेट शिरेत सोडलं. पहिली रोगी एक म्हातारी बाई होती, नाडी लागत नव्हती. औंसामागून औंस पाणी जात राहिलं, काही फरक नाही. मग हळूहळू श्वास सुधारला, खोल गेलेले डोळे आणि पडलेला जबडा सावरला, नाडी परत आली. सहा पाइंट, म्हणजे साधारण तीन लिटर, गेल्यावर बाई स्पष्ट आवाजात बोलू लागली, आता जरा झोप मिळाली की झालं म्हणाली. लाट्टा तिला रुग्णालयाच्या डॉक्टरवर सोपवून गेले. थोड्याच वेळात वांत्या-जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा कुणी सोडलं नाही, आणि साडेपाच तासांत ती गेली.

या एका रोग्यात पटकीच्या उपचाराचं सगळं सार आहे. गळणाऱ्या हंडीत एकदा पाणी भरून भागत नाही. गळती चालू आहे तोवर भरणंही चालू ठेवावं लागतं. लाट्टांची पद्धत पुढे मागे पडली त्याला कारणं होती. शिरेत जाणारं पाणी निर्जंतुक करायचं असतं हे माहीतच नव्हतं. मिठाचं प्रमाण लिटरला साधारण तीन-चार ग्रॅम, आजच्या सलाईनमध्ये नऊ असतं. इतक्या पातळ पाण्यानं रक्तपेशी फुटतात. आणि प्रयोग फक्त मरणाच्या दारात पोचलेल्यांवर होत होता. मेलेल्यांची संख्या बघून इतर डॉक्टरांनी ठरवलं की उपाय कुचकामी आहे. लाट्टा स्वतः १८३३ मध्ये वारले, आणि विषय जवळपास थांबला.

'कुठून येतो' याचं उत्तर बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये लंडनमध्ये दोन पाणी कंपन्यांची तुलना केली. थेम्सचं शहरातलंच घाण पाणी देणाऱ्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, शहराच्या वरून पाणी आणणारीच्या ३७. त्याच वर्षी फ्लोरेन्समध्ये पाचिनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहिला, पण कुणी दखल घेतली नाही. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात तो वेगळा काढून दाखवला आणि तिथल्या तळ्याच्या पाण्यातही शोधला. या शोधांनी शहरांचं पाणी सुधारलं, साथी रोखल्या, अगणित जीव वाचले. पण जो माणूस आधीच खाटेवर पडलाय, त्याच्या वाट्याला कॉख यांच्या शोधानंतरही फारसं नवं आलं नाही. जंतू सापडला म्हणजे उपचार सापडला असं होत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यातच लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतून दाट मिठाचं पाणी देऊन मृत्यू बऱ्यापैकी खाली आणले, पुढे त्यात सोडाही घातला. तरी त्यासाठी सुया, बाटल्या, निर्जंतुक पाणी आणि शीर सापडणारा हात लागायचा. साथ नेमकी जिथे यायची तिथे यातलं काहीच नसायचं.

मग तोंडानं का दिलं नाही? हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. जवळजवळ सगळ्यांची ठाम समजूत होती की पटकीत आतड्याचं अस्तर सोलून निघतं. शवविच्छेदनात तसं दिसायचंही, आणि तांदळाच्या धुवणासारख्या जुलाबात तरंगणारे पांढरे कण म्हणजे गळून पडलेलं अस्तर, असा तर्क होता. अस्तरच नाही तर शोषून कोण घेणार? तेव्हा तोंडानं देणं म्हणजे भोकाच्या घागरीत ओतणं. फसवणूक अशी होती की मेल्यानंतर काही तासांत आतड्याचं अस्तर आपोआपच सुटतं. १९५९च्या साथीत बँकॉकमध्ये गँगारोसा आणि सहकाऱ्यांनी जिवंत रोग्यांच्या आतड्याचा बारीक तुकडा नळीच्या टोकाच्या कुपीनं काढून तपासला. अस्तर जागच्या जागी होतं.

त्याच वर्षी कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवलं की जंतू पूर्ण गाळून टाकलेलं द्रवसुद्धा सशाच्या बांधलेल्या आतड्यात पाणी साचवतं. म्हणजे जंतू आतडं खात नाही; तो एक विष सोडतो आणि ते विष आतड्याच्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर सोडायला लावतं. माझ्या मते पटकीच्या इतिहासातलं हे सर्वांत कमी गाजलेलं मोठं काम आहे, आणि त्याचं हवं तसं कौतुक डे यांच्या हयातीत झालं नाही याचं वाईट वाटतं.

तिसरा धागा पटकीशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेतून आला. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी प्रागच्या परिषदेत मांडलं की आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांना धरूनच आत जातात. बँकेचं लॉकर आठवा, दोन किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही. आतड्याच्या पेशीवरचं हे दार तसंच आहे: ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्र आले की ते उघडतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत ओढलं जातं. नुसतं पाणी किंवा नुसतं मिठाचं पाणी पाजून का भागत नव्हतं ते इथे कळतं. आणि पटकीचं विष बाहेरचा नळ सताड उघडतं, पण या दाराला हात लावत नाही.

आता मागे वळून पाहिलं तर एक माणूस इथवर आधीच पोचला होता. कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १८६ रोग्यांचा अहवाल दिला होता. लिटरभर पाण्यात ४ ग्रॅम मीठ आणि २५ ग्रॅम ग्लुकोज तोंडानं, सोबत वांती थांबवायचं औषध आणि आपल्या कुंडीत असतो त्या पानओव्याचा रस. प्रमाण आजच्या मानानं चांगलंच जवळचं. पण किती आत गेलं, किती बाहेर आलं, रक्तात काय बदललं, याची मोजणी त्यात नव्हती, तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता, आणि श्रेय बरंचसं पानांच्या रसाला गेलं. लोकांना पटलं नाही. दहा वर्षांनी मनिलामध्ये रॉबर्ट फिलिप्स यांना दिसलं की ग्लुकोज घातल्यावर तोंडानं दिलेलं मीठ शोषलं जातं. पण पुढच्या चाचणीत द्रावण फार दाट होतं, देणं-घेणं जुळलं नाही, काही रोगी दगावले आणि त्यांनी हात आखडता घेतला.

१९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी जे केलं ते रसायनापेक्षा हिशेबाचं काम होतं. मधोमध भोक पाडलेली कॅनव्हासची खाट, खाली मापाच्या खुणा असलेली बादली. ठरावीक तासांनी बादली बघायची आणि जेवढं गेलं तेवढं आणि वर थोडं, तोंडानं परत द्यायचं. शिरेतल्या सलाईनची गरज साधारण ८० टक्क्यांनी घटली. ज्या भांड्याकडे बघून शतकभर डॉक्टर घाबरत होते, तेच भांडं आता किती पाजायचं ते सांगू लागलं. कलकत्त्यातल्या गटानंही याच सुमारास हेच सिद्ध केलं.

राहिला प्रश्न, हे डॉक्टरशिवाय जमेल का. त्याचं उत्तर १९७१ मध्ये पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगावला मिळालं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली, सलाईनचा साठा संपत आला. दिलीप महालनबीस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधं मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या कलकत्त्यात भरून आणवल्या, पिंपात कालवल्या आणि नातेवाइकांच्या हातात कप दिले. त्यांच्या देखरेखीखालच्या रोग्यांत मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून ३.६ टक्क्यांवर आलं.

तेव्हा जुने लोक अडाणी होते असं मी म्हणणार नाही. आणि आपल्या आजीला हे सगळं ठाऊक होतं, असंही म्हणता येत नाही. मीठ घातलेली पेज मात्र चांगली असते, कारण पिठूळ पदार्थांचं आतड्यात हळूहळू ग्लुकोजच होतं. ती सवय मोडू नका.

आता तुमच्या स्वयंपाकघरातलं, कारण हे सगळं कळूनही चुका तिथेच होतात. आजची पुडी २००२ साली ठरलेल्या प्रमाणाची आहे: लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. पूर्वीपेक्षा मुद्दाम पातळ केलीय, कारण त्यानं मुलांचे जुलाब आणि वांत्या थोड्या कमी होतात असं दिसलं. सर्रास होणारी चूक म्हणजे लिटरची मोठी पुडी २०० मिलीच्या एका पेल्यात कालवणं. तसं केलं तर सोडियम लिटरला ७५ मिलिमोलऐवजी ३७५ होतं, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या जवळपास. जास्तीची साखर आतड्यात उलट पाणी ओढते, जुलाब वाढतात, आणि बाळाच्या रक्तातलं सोडियम चढून झटके येऊ शकतात. पुडीवर किती पाणी लिहिलंय ते वाचा: मोठी एक लिटरची, छोटी २०० मिलीची. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या असं करू नका, आतले क्षार समान मिसळलेले असतीलच असं नाही. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवा किंवा फेका. चवीसाठी वरून साखर किंवा सरबत नको.

पुडी नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. सपाट म्हणजे चमच्यावरून सुरीची पाठ फिरवून. चिमटीचा अंदाज माणसागणिक दुप्पट-तिप्पट बदलतो. पाजण्याआधी चाखा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि पुन्हा करा. साखर चालते, कारण आतड्यात तिचं अर्धं ग्लुकोज होतं. यात पोटॅशियम नाही, म्हणून ही तात्पुरती सोय. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम फार कमी. वरून द्यायला ठीक, ओआरएसऐवजी नको. खोक्यातली गोड पेयं नावात 'ओआरएस' लावून विकली जात, त्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२५ मध्ये बंदी घातली; तरी प्रमाण लिहिलेलं बघूनच घ्या.

किती द्यायचं हे वयावर आणि शोष किती पडलाय यावर ठरतं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्यापुढे दहा वर्षांपर्यंत १०० ते २००, मोठ्यांना मागतील तितकं. डोळे ओढलेले, मूल अधाशासारखं पाणी पितंय, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश बसते, अशी स्थिती असेल तर वजनाच्या किलोला ७५ मिली, चार तासांत. हे शक्यतो आरोग्य केंद्रातच करावं. मूल मलूल पडलंय, पिऊच शकत नाही, कातडी दोन सेकंदांनंतरही उभीच, नाडी लागत नाही, अशा वेळी तोंडानं द्यायचा हट्ट धरू नका. त्याला शिरेतून सलाईनच लागतं, आणि तेही मिनिटांच्या हिशेबानं. जुलाबात रक्त असेल, मूल फार कुपोषित असेल, घरात किडनीचा रोगी असेल, तर प्रमाण आणि औषध दोन्ही बदलतात. तिथे डॉक्टरांनाच विचारा. मुलांना जस्ताची गोळी रोज २० मिलिग्रॅम (सहा महिन्यांखाली १०) जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण द्या. अंगावरचं दूध आणि खाणं चालूच ठेवा.

वांती झाली म्हणून थांबू नका. दहा मिनिटं जाऊ द्या, मग चमच्यानं, दोन-तीन मिनिटांनी एक असं सुरू करा. पेला तोंडाला लावला की मूल घटाघटा पितं आणि ओकून टाकतं. चमच्यानं दिलेलं बहुतेक टिकतं. आणि चार तासांनी 'जुलाब किती झाले' हे मोजत बसण्याआधी तोंड ओलं आहे का, रडताना डोळ्यांत पाणी येतंय का, लघवी झाली का, हे बघा.